पोटावर पाय देणाऱ्या गतिरोधकरावांस

श्री. गतिरोधकराव,
मु. पो. आमच्या गल्लीचं तोंड

सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्कारासाठी आम्हाला वेगळे कष्ट पडत नाहीत. आमची गाडी तो रोज घालते, पोट टेकवून, आवाजासकट. गल्लीतली माणसं आता त्या आवाजावर घड्याळ लावतात. ‘खर्रर्र’ ऐकू आलं की साडेनऊ झाले असं समजून बायका शाळेच्या रिक्षाची वाट बघायला बाहेर येतात. लोकोपयोगी कार्य म्हणतात ते हेच.

तुमच्या जन्माची नोंद कुठल्याच दप्तरी नाही. एका पोराच्या सायकलीला कुणाच्या तरी मोटरसायकलचा धक्का लागला, संध्याकाळी पारावर चर्चा झाली, आणि दोन दिवसांनी पहाटे पाइपलाइनचा चर बुजवून उरलेलं डांबर रस्त्यात आडवं पडलेलं दिसलं. तो ढिगारा म्हणजे आपण. रोलर फिरला नाही, काळे-पांढरे पट्टे ओढले नाहीत, अलीकडे फलक लावला नाही. रात्री तर आपलं दर्शन थेट मणक्यालाच होतं.

तुम्हाला ठाऊक नसेल, पण तुमच्या घराण्याचे काही कुलाचार आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसनं तुमच्यासाठी आयआरसी-९९ हे मानक करून ठेवलंय. त्यात सांगितलेला गोल पाठीचा गतिरोधक म्हणजे १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा: रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, आणि त्यावरून ताशी २५ किलोमीटरनं गाडी बिनबोभाट जावी अशी अपेक्षा. अलीकडे ४० मीटरवर सूचनाफलक असावा, हेही त्यात आहे. परवा रविवारी मी फूटपट्टी घेऊन तुमच्याजवळ बसलो होतो. उंची भरली पुरती सात इंच आणि रुंदी जेमतेम दोन फूट. शेतात असता तर बांध म्हणून सात-बाऱ्यावर वाद झाला असता.

हा दोन फुटांचा मामला फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. आमच्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६५० मिलिमीटर. शास्त्रोक्त गतिरोधक ३.७ मीटर रुंद, म्हणजे गाडी मधोमध आली तरी चारही चाकं त्याच्या पाठीवरच असतात. चाकं वर चढलेली, त्यामुळे पोटही वर उचललेलं. चाकांच्या रेषेपासून उंचवटा मोजला तर जेमतेम पाच सेंटिमीटर भरतो. पोटाखाली १७ सेंटिमीटर जागा असलेली गाडी त्यावरून पान खात निघून जाते. तुमच्या बाबतीत मात्र पुढची चाकं उतरून जमिनीवर आलेली, मागची अजून अलीकडे जमिनीवरच, आणि मध्ये तुम्ही सात इंच मान वर काढून उभे. सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, आणि आमच्याकडे १७० आहेत, तेही गाडी रिकामी असताना. आठ मिलिमीटरसाठी तुम्ही माणसाचं सुख खरवडून काढता.

मागच्या महिन्यात लग्नाला निघालो होतो. मागच्या सीटवर आई, मावशी आणि बायको, पुढं मामा, डिकीत दोन बॅगा, आहेराच्या पिशव्या आणि रुखवताचं एक खोकं. तुमच्यापाशी येऊन थांबलो. न्यूट्रल करून क्लच सोडला, तसं माइल्ड हायब्रिडच्या नियमाप्रमाणे इंजिन आपोआप थांबलं. मामा म्हणाले, ‘‘काय रे, बंद पडली?’’ तेवढ्यात टपरीवरून सल्ला आला, ‘‘तिरकी घाला सर, तिरकी!’’ तिरकी घातली. एकेक चाक चढवत, गाडी झोकांड्या खात निघाली, तरी मधला आवाज यायचा तो आलाच. मग मामांनी फर्मान काढलं की सगळे उतरा. जरीच्या साड्या सावरत दोघी ज्येष्ठ बायका तुमच्यावरून चालत पलीकडे गेल्या आणि मी मोकळी गाडी हळूच काढली. एवढ्यात मागून शेजाऱ्यांची छोटी एसयूव्ही आली, ब्रेकला पायही न लावता तुमच्यावरून उडाली, आणि काचेतून त्यांची सून म्हणाली, ‘‘काकू, आमच्यात यायचं की!’’ मावशी लग्न लागेपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

गतिरोधकराव, त्या शेजाऱ्यांनी ती गाडी का घेतली ठाऊक आहे? तुमच्यामुळे. शोरूममधला पोरगा काय सांगतो, कंपनी टीव्हीवर डोंगरदऱ्यांतून कशी गाडी पळवते, ते सगळं दुय्यम. गिऱ्हाईक टेस्ट ड्राइव्ह घेऊन घराकडे वळतं, तुमच्यापाशी येतं, आणि तिथेच सौदा पक्का होतो. एसयूव्हीचे इतके निष्ठावान, बिनपगारी सेल्समन कुठल्याही कंपनीला मिळाले नसतील.

तुमची एक अडचण मी समजू शकतो. तुम्ही आमची गाडी आजवर फक्त खालून बघितलीय. वर काय आहे ते सांगतो.

गाडी आहे मारुती सुझुकीची सियाझ. ऑक्टोबर २०१४ मध्ये एसएक्सफोरच्या जागी आली आणि एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. शेवटी शेवटी तिची एक्स-शोरूम किंमत साडेनऊ लाखांच्या आत सुरू होऊन साडेबाराच्या आत संपत होती. लांबी ४४९० मिलिमीटर. या पैशांत एवढं लांब-रुंद घर देणारी दुसरी गाडी शोधताना दमछाक व्हायची. आमची आई मागं बसली की चपला काढते आणि सीटवर चक्क मांडी घालते. पुढच्या सीटवर कितीही उंच माणूस बसवा, मागच्याचे गुडघे सुटेच राहतात. चाकांमधल्या ज्या २६५० मिलिमीटरवर तुमचा डोळा आहे, त्यांतच हे सगळं सामावलंय. त्याच किमतीतल्या चार मीटरच्या आतल्या एसयूव्हींचा व्हीलबेस साधारण २५०० असतो. त्या उंच दिसतात. आत बसल्यावर उंची डोक्यावर वाया जाते आणि गुडघे पुढच्या सीटला टेकतात. सियाझमध्ये मागच्यांसाठी वेगळा एसी व्हेंट आहे, वरच्या मॉडेलात मागच्या काचेला पडदा आहे. मे महिन्यात कोल्हापूरहून पुण्याला दुपारी येताना तो ओढला की मावशी कऱ्हाडपासून झोपतात ते थेट खेड-शिवापूरच्या टोलला उठतात.

खोट काढायची तर तीही आहे. मागचं छत उतरतं आहे, त्यामुळे सहा फुटी भाच्याचे केस वर घासतात. आणि बैठक खाली. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना आत बसणं सोपं पण बाहेर येणं हा कार्यक्रम असतो; एक हात दाराला, एक हात जावयाच्या खांद्याला. उंच गाडीत म्हातारी माणसं नुसती सरकून बसतात, हे मान्य करायलाच हवं. आमच्या मामांनी एसयूव्ही घ्यायचं मनावर घेतलंय ते याच कारणानं, आणि त्यात तुमचा काही हात नाही.

डिकी ५१० लिटरची. ब्रेझाची ३२८ आहे, म्हणजे फरक तुमच्याही लक्षात येईल. रत्नागिरीहून निघताना आंब्याच्या पेट्या खाली, त्यावर फणस, कडेला कोकमाच्या बाटल्या, वर कपड्यांच्या बॅगा, आणि एवढं भरून झाकण लागतं. शिवाय सामान एका खोलीत आणि माणसं दुसऱ्या, त्यामुळे फणसाचा वास पुढं येत नाही. उंच गाड्यांत मागची सीट आणि सामान एकाच खोलीत, सामानावर फक्त एक पातळ झाकण असतं. आंबा घाट उतरता-चढताना मागं बसलेल्याला वासानं कसं होतं, ते एकदा विचारा त्यांना.

आता पळण्याचं. ही काही शर्यतीची गाडी नाही आणि तसा आवही आणत नाही. २०१८ पासून पेट्रोलचं १४६२ सीसीचं इंजिन आलं, १०५ पीएस आणि १३८ न्यूटन मीटर. वजन हजार किलोच्या थोडंच वर, म्हणून गावातल्या गर्दीत ती हलकी वाटते. तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश चालवा, कुरकुर नाही. खंबाटकीच्या चढाला चौघं आणि भरलेली डिकी असेल तर मात्र गिअर खाली आणावाच लागतो. ट्रक ओलांडायचा तर आधी बेत आखावा लागतो. पाय दाबला आणि गेली, असं होत नाही. ऑटोमॅटिक तर चारच गिअरची, जुन्या वळणाची. ज्यांना पाय दाबताच पाठ सीटला चिकटायला हवी त्यांच्यासाठी व्हर्टस आणि स्लाव्हिया आहेत, दीड लिटर टर्बोत १५० पीएस. व्हर्ना टर्बोत १६० पीएस. सेडान म्हणजे म्हाताऱ्यांची गाडी असं म्हणणाऱ्यांनी त्या एकदा चालवून बघाव्यात.

सियाझचा खरा गुण हायवेला कळतो. ती जमिनीलगत बसते. वळणावर अंग टाकत नाही, शेजारून बस गेली की थरथरत नाही, ताशी शंभरावर आत बोलायला आवाज चढवावा लागत नाही. उंच गाडी वळणावर झुकते तेव्हा आतली माणसं एकमेकांच्या अंगावर येतात. इथं आई बिनघोर मटार सोलत असते. हवा अडवायला पुढं भिंत नाही, म्हणून पेट्रोलही कमी लागतं. मॅन्युअलचा कंपनीचा दावा लिटरला २०.६५ किलोमीटरचा, आमच्या हातात हायवेला अठरा-वीसच्या घरात देते आणि गावात तेरा-चौदा. गावातला आकडा घसरतो त्यात तुमचा वाटा आहे. तुमच्यापुढं पूर्ण थांबून, पहिल्या गिअरमध्ये रखडत चढून, पुन्हा वेग पकडताना जे पेट्रोल जळतं त्याची पावती कुठं मागायची?

सोयींच्या बाबतीत मात्र तिनं माती खाल्ली. एलईडी दिवे, टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल हे सगळं होतं. पण बाजार सहा एअरबॅगांवर पोचला तेव्हा ती दोनवरच राहिली. स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना यांनी ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळवले. सियाझ मात्र २०१८ नंतर जवळपास तशीच विकली गेली. आतला साज जुना झाला, गिऱ्हाइकाला सनरूफ हवं होतं तेही नाही. चांगल्या गाडीकडे कंपनीनं पाठ फिरवली की काय होतं, याचा हा धडधडीत नमुना. तो दोष मी तुमच्या माथी मारणार नाही. तुमच्या माथ्यावर जागाही फार नाही, दोनच फूट.

तुमचे दिल्लीतही सहकारी आहेत बरं का. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आणलं आणि छोटी म्हणजे चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, अशी व्याख्या केली. तिथून गाड्यांच्या शेपट्या छाटायला सुरुवात झाली. डिझायर २००८ मध्ये आली तेव्हा ४१६० मिलिमीटर होती. २०१२ मध्ये ती ३९९५ झाली आणि डिकी आखडली. मग कंपन्यांना वाटलं, शेपूट छाटायचंच तर डिकी उभीच करूया आणि चाकं मोठी लावूया. झाली छोटी एसयूव्ही.

२०२३ च्या जुलैत जीएसटी परिषदेनं २२ टक्के उपकराच्या युटिलिटी गाडीची व्याख्या नक्की केली: लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर, आणि पोटाखालची जागा किमान १७० मिलिमीटर, तीही बिनभाराची. सेडानला त्यातून वगळलं, हे बरं केलं. पण बिनभाराची हा शब्द वाचून मला तुमची आठवण झाली. कायदा गाडी रिकामी मोजतो. तुम्ही मोजता तेव्हा आत आई, मावशी, बायको, मामा आणि फणस असतो. सियाझसारख्या सेडानवर तेव्हा एकूण ४५ टक्के कर पडायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० झाला. तोवर सियाझ बंद होऊन पाच महिने उलटले होते.

स्कोडा आणि फोक्सवॅगनवाल्यांनी तुमचा स्वभाव ओळखला असावा. त्यांनी इथल्या स्लाव्हिया आणि व्हर्टसला पोटाखाली १७९ मिलिमीटर ठेवले. म्हणजे तुमच्यापेक्षा एक मिलिमीटर जास्त. तुम्ही पुढच्या पावसाळ्याआधी अजून एक पाटी डांबर चढवून घ्याल याची मला खात्री आहे.

एक गोष्ट मात्र खरंच समजत नाही. तुम्ही आहात कशासाठी? वेग आवरायला ना? मग आवरता कुणाचा? ज्या मोटरसायकलमुळे तुमचा जन्म झाला, ती तुमच्या आणि गटाराच्या मधल्या फटीतून आजही तशीच सुसाट जाते; त्या फटीत चाकांनी घासून गुळगुळीत वाटच पडलीय. वाळूचे डंपर तुम्हाला ओळखही देत नाहीत. शेजाऱ्यांच्या एसयूव्हीचं सांगितलंच. उरलो आम्ही, जे आधीच सावकाश येत होतो. मास्तर वर्गात दंगा करणाऱ्यांना सोडून पहिल्या बाकावरच्याच्या कानफटात देतात, त्यातलं हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांवरून तुमच्या भाऊबंदांना हटवायला सांगितलं होतं. तुम्ही गल्लीत असल्यामुळे तो फतवा तुम्हाला लागू नाही, हे तुमच्या वकिलाआधी मीच सांगून टाकतो.

आणि तुमच्या हातून एक पुण्यही घडतंय, त्याबद्दल आभार मानायचे राहिले. भाच्याला सियाझ घ्यायचीय. नवी मिळत नाही, म्हणून वापरलेली बघत फिरतोय. विकणारे सगळे एकाच वळणाचे बोलतात: सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी, शोरूम कंडिशन. मी भाच्याला म्हटलं, वरून चकाकतं ते बघू नको, गाडी रॅम्पवर घे. मेस्त्रींनी परवा एक २०१९ ची गाडी वर उचलली आणि टॉर्च मारला. चेंबरच्या खालच्या बाजूला आडवे चरे, सायलेन्सरचा पाइप मधोमध चेपलेला, पुढच्या बंपरची खालची पट्टी गायब. ‘‘डॉक्टरसाहेब गतिरोधकावर प्रॅक्टिस करत होते का?’’ मेस्त्रींनी विचारलं. विकणाऱ्यानं मान खाली घातली. चेंबर फुटलेला नव्हता, ऑइल कुठं गळत नव्हतं, सगळं वरवरचं. पण सौदा करायला तेवढं पुरलं. तुमच्या सहीचे चरे दिसले की माणूस आपोआप खाली येतो. मेस्त्रींचं आणखी एक निरीक्षण: एसयूव्हीच्या पोटाला चरे नसतात, पण तिच्या शॉकअपांचे हाल बघवत नाहीत, कारण मालक तुमच्यावरून उडवतात. म्हणजे तिकडूनही तुम्ही हप्ता घेता म्हणायचं.

भाच्यानं टोकन दिलंय. मंगळवारी गाडी घरी आणायची, येताना मागं कुणालाही बसवायचं नाही आणि डिकीत स्टेपनीसुद्धा ठेवायची नाही असं ठरलंय. बिनभाराचे १७० मिलिमीटर निदान एक दिवस तरी बघून घेऊ. औक्षण मात्र तुमच्या अलीकडेच उरकणार आहोत. पलीकडे गाडी कुठल्या अवस्थेत येईल याची हमी मेस्त्रींनी दिलेली नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
पहिल्या गिअरमधला एक रहिवासी